ऐकलंत का, आमचे नाना गुलाबी झाले

अहो, ऐकलंत का? तुम्ही ऐकलंच असणार म्हणा, तुमची गॅलरी आमच्याच दोरीवर उघडते. पण खरं काय झालं ते नसेल ऐकलं, म्हणून म्हणते, या जरा. तिथे उन्हात नको, वंडीच्या, म्हणजे दोन घरांमधल्या भिंतीच्या, या बुटक्या बाजूला या, शेवग्याची सावली आहे. आणि हळू बोला हं. नाना आत पेपर वाचताहेत. त्यांना तसं कमी ऐकू येतं, पण स्वतःचं नाव मात्र बरोब्बर ऐकू येतं.

तर दोरीवरचे ते तीन गुलाबी लेंगे पाहिलेत ना? अहो, ते गुलाबी नव्हते. आमच्या नानांचे पांढरेशुभ्र लेंगे ते! 78 वर्षांचा माणूस. 1972च्या दुष्काळात शिंदखेडा सोडून लूमवर कामाला इकडे आला, तेव्हापासून पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लागू दिला नाही. धुळवडीला दार लावून बसतात, आठवतंय ना? आणि आता वरचा सदरासुद्धा गुलाबी. फिका नाही हो, चांगला फालुद्यासारखा.

झालं काय, दुसऱ्या दिवशी घरी कानबाई बसायची, आमची खान्देशातली देवी हो. घरात नुसती धांदल. रोटांचे गहू दळून आणायचे, नारळ, साडी, चौरंग... सासूबाईंचे गुडघे तर तुम्हाला माहीतच आहेत. आणि आमच्या विहीणबाई, म्हणजे होणाऱ्या, अजून नुसता साखरपुडा झालाय, कतारगामच्या हो, त्यांनी मोठ्या हौसेने कानबाईसाठी लाल बांधणीची ओढणी पाठवलेली. कॉटनची, बारीक ठिपक्यांची. गाठी सोडल्यावरच्या चुण्या अजून तशाच होत्या. सासूबाई दहा वेळा हात फिरवून म्हणाल्या, "गुजराथनी सून, गुजराथनी चुंदडी, कानबाईले दोन्ही आवडतीन." मी ती सोफ्याच्या हातावर घडी करून ठेवली. तीच माझी चूक. सोफ्याचा हात म्हणजे आमच्या घरात धुण्याची जागा, हे मला 1998पासून माहीत असायला हवं होतं.

मशीन थांबलं, मी झाकण उघडलं आणि माय वं! वरती ती ओढणी, आणि तिच्या खाली सगळं घर गुलाबी. नानांचे तीन लेंगे, तीन सदरे, यांचा मिलमध्ये मीटिंगला घालायचा शर्ट, दोन अभ्रे, चिरंजीवांची क्रिकेटची पँट. आणि ओढणी? ती बिचारी ठिपके हरवून बसलेली, सगळीकडे सारखीच लालसर.

सासूबाई आल्या. आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. अहो, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! मग नुसतं एवढंच, "मशीन कोणी लावलं?" मी म्हटलं, मी नाही. मुलगा म्हणाला, मी नाही. मुलगी म्हणाली, मला तर मशीनचं बटणसुद्धा माहीत नाही, आणि ते मात्र शंभर टक्के खरं. सगळ्यांची तोंडं अशी उतरलेली, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नाना पेपर वाचता वाचता मोठ्याने म्हणाले, "आज उकाईत पाणी वाढलं हं."

आता श्रावणात सुरतेत उकाईची लेव्हल म्हणजे क्रिकेटचा स्कोअर, कोणीही विचारतं, कोणीही सांगतं. 345 फुटांना धरण भरलं, की त्याच्या खाली किती फूट उरले ते मोजत बसायचं. म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. पण आत्ता बघा ना, लक्षात आलं ना तुमच्या? माझ्या तेव्हा आलं नाही.

संध्याकाळी हे आले. पांडेसराच्या मिलमध्ये डाइंग मास्टर, आणि डाइंग मास्टरच्याच घरात रंग गेला! पहिल्यांदा हसले. मग सासूबाईंचा चेहरा बघून हसू गिळलं आणि लेक्चर सुरू. "सुरतेच्या साडीचा रंग असा जात नाही. पॉलिएस्टर आम्ही जेटमध्ये घालतो, प्रेशरखाली 130 डिग्रीला शिजवतो, रंग धाग्याच्या पोटात जाऊन बसतो. हे कॉटन. याचा जास्तीचा रंग वरच्यावर राहिलेला. पहिलं पाणी वेगळं द्यायचं, थंड, मिठाचं." मी म्हटलं, सव्वीस वर्षांत घरी एक रुमाल धुतलेला मी पाहिला नाही, आणि पाणी कसं द्यायचं ते मला सांगताय! तर गप्प. दुसऱ्या दिवशी मात्र मिलमधून हायड्रोची पुडी घेऊन आले. रंग उतरवायला वापरतात ते. बादलीत गरम पाणी, सोडा, वर हायड्रो... वास म्हणजे, अहो, तुम्ही तुमची खिडकी लावून घेतलीत ना त्या दिवशी? तोच. मला वाटलं तुम्ही आता बोलणारच नाही आमच्याशी. एक लेंगा पांढरा झाला. म्हणजे पांढरा नाही, जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला. नानांनी तो हातात धरला, उजेडात बघितला आणि म्हणाले, "बाकीचे राहू दे."

तर काय सांगत होते... हां, कोणी लावलं मशीन! दोन दिवस घरात माझ्यावर संशय. उघड कोणी म्हणत नव्हतं, पण चहा देताना कळतं की हो बाईला. कानबाईला आमच्या लग्नातला शालू नेसवला, तिची ओटी भरताना सासूबाई देवीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माय, चुंदडी व्हती, पण..." आणि तो 'पण' माझ्याकडे बघून.

मग सोमवारी, कानबाईला निरोप देऊन आले नि इथेच उभी होते, तर पलीकडून बा. तुमच्या घरमालकीण हो. पदर तोंडावर, डोळे चमकताहेत. मला म्हणाल्या, "बेन, कोईने कहेती नहि." असं म्हटलं की मी समजले, आता आख्ख्या शेरीत जाणार. म्हणाल्या, नाना सकाळी वंडीशी येऊन कबूल करून गेले! मशीन त्यांनीच लावलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सून धावतेय, आपण बसून काय करायचं, म्हणून सोफ्याच्या हातावरचं सगळं उचललं आणि कोंबलं. पावडर किती घालायची ते माहीत नाही म्हणून चहाच्या कपाने घातली. 78व्या वर्षी! ज्या माणसाने आजवर पाण्याचा तांब्या स्वतः भरला नाही...

आणि सांगितलं कोणाला, तर बांना. बायकोला नाही, मुलाला नाही. बांना. का ते तुम्हाला माहीत असेलच, पण तुम्ही भाड्याने आलात मागच्या वर्षी, म्हणून सांगते. ज्या खोलीत तुमचा टीव्ही आहे ना, तिथे 2006च्या ऑगस्टमध्ये आम्ही चार दिवस काढलेत. अकरा माणसं. आमचे सहा, बांचे पाच. तेव्हा आमच्या घराला वरचा मजला नव्हता. 7 तारखेला पाणी सोडल्याचं कानावर आलं आणि बघता बघता अडाजणात घरात पाणी. ते पावसाचं पाणीच नव्हतं, उकाईचं. नऊ लाख क्युसेकच्या आसपास सोडलं होतं म्हणे, नदीच घरात आली. आमच्या स्विचबोर्डच्या वर गेलं. कपाट सरकवलं ना, की ती रेघ अजून दिसते. हे तिथे रंग लावू देत नाहीत. डाइंग मास्टर असून!

आणि माहितीये का, सासूबाई त्या अंधारात, जिन्याखाली पाणी चढतंय, तर मला काय म्हणतात? "तुना माहेरनं पाणी शे हाई." माझं माहेर अमळनेर. आमची बोरी तापीलाच मिळते, आणि तापी मुलताईहून निघते ती भुसावळवरून, आख्खा खान्देश ओलांडून उकाईत येते. म्हणजे बोलणं बरोबरच होतं की! लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, माहेरून काही आलं नाही म्हणून टोमणे खाल्ले, आणि आलं ते असं. मी रडत होते, ते ऐकून फस्सकन हसले. त्याही हसल्या. मेणबत्तीत बा आमच्याकडे बघताहेत, या मराठी बायकांना वेड लागलं की काय.

9 तारखेला राखी. खाली पाणी, वर हेलिकॉप्टर, गच्चीवर फूड पॅकेट पडताहेत, आणि बांना आठवण राखीची. त्यांचा भाऊ नवसारीला, तो काही येऊ शकत नव्हता. तर बांनी आपल्या जुन्या साडीच्या काठातली जरीची तार ओढून काढली, पिळली आणि नानांच्या मनगटाला बांधली. "आजथी तमे मारा भाई." नाना काही बोलले नाहीत. द्यायला खिशात ओली दहाची नोट होती, ती दिली. बांनी ती वाळवून देवघरात ठेवलीये. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना, दाखवतील.

म्हणून तेव्हापासून ते भाऊ आणि या बहीण, आणि बहिणीला भावाची खोडी काढायचा पूर्ण हक्क. नाना बादली मागायला गेले की बा म्हणणारच, "तुमचे शिवाजी महाराज आमच्या सुरतेत दोनदाच आले, तुम्ही तर रोज येता!" 1664 आणि 1670, सन आमच्या मुलाने बांनाच पाठ करून दाखवले होते चौथीत. त्यांनी ते असे वापरले.

अरे हो, वंडी! ही बुटकी का ते कधी विचारलं नाहीत तुम्ही. पुरात एवढाच भाग पडला. नंतर गवंडी आला, पाच फूट उंच बांधायला निघाला, तर बा मध्ये उभ्या. म्हणाल्या, इथे कमरेपर्यंतच. माणूस दिसला पाहिजे, वाटी सरकली पाहिजे. ते 'पहेलो सगो पाडोशी' वगैरे लोक म्हणतात नुसते. बांनी त्यासाठी गवंड्याशी भांडण केलं, आणि गवंडी त्यांचा भाचा होता!

काय सांगत होते... मशीन. तर मला कळलं, मी घरात येऊन सासूबाईंना सांगितलं. आता म्हटलं बघू तोंड. अहो, त्या पाच मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "कपानं पावडर टाकी?" मी म्हटलं, हो. "आणि बटण?" मी म्हटलं, बटण बरोबर दाबलं. तर त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मी लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा पाहिला नाही. "जीववरनं शेपटीवर गयं," म्हणाल्या. "चुंदडी गई, पन मानूस मशीन शिकना." आणि उठून, गुडघे धरत, त्यांनी कोरडा डबा काढला.

तो डबा तुम्ही पाहिलाय. आमच्या ओट्यावर, पोचे पडलेला, घट्ट झाकणाचा. सासूबाईंच्या रुखवतातला. पूर ओसरला तेव्हा घरात वीतभर गाळ, फ्रिज आडवा, गादीतून पाणी पिळतंय, आणि तो डबा या शेवग्याच्या बुंध्याशी अडकून बसलेला. झाकण उघडलं, तर आत तूरडाळ. कोरडी ठणठणीत! घरातलं तेवढंच कोरडं. त्या डाळीचं वरण बांच्या गॅसवर शिजलं आणि अकरा जणांनी खाल्लं. त्या दिवसापासून त्यात डाळ नाही ठेवली. घरात काही फुटलं, सांडलं, जळलं, की सासूबाई त्यात पैसे टाकायला लावतात. दंड म्हणून नाही हं. गेलं त्याचे नाही, वाचलं त्याचे. काचेचा जग फुटला, पण पाय कापला नाही, टाक पाच रुपये. कुकरमधली डाळ छताला चिकटली, पण कोणी समोर नव्हतं, टाक वीस. माझी मुलगी मोबाईलवर ते ग्रॅटिट्यूड का काय लिहिते रोज, तीन ओळी, वर फुलाचं चित्र. आजी म्हणते, "फुकटमा?"

राखीला तो डबा उघडायचा आणि त्या पैशांत दोन्ही घरांना लोचो नि खमण. गेल्या वर्षी 640 रुपये निघाले. म्हणजे बघा आमच्याकडे उपद्व्याप किती!

त्यातले शंभर तर कुरडयांचेच होते. ते तर तुमच्यासमोरच झालं. मी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातल्या, आणि बांची टाकी उतू गेली. मोटर लावून बा देवळात. ती टाकीतली बाई हिंदीत ओरडतेय, "पानी की टंकी भर गई है," आणि ऐकणारं कोणी नाही. पाणी थेट आमच्या गच्चीवर. कुरडयांचा परत चीक! बा आल्या, बघितलं, तोंड एवढंसं झालं. मला काय बोलावं ते सुचेना. रागच आला होता, खरं सांगते. त्याच रात्री बा पातेलंभर गरम खीचुं घेऊन आल्या, वर कच्चं तेल, मेथीचा मसाला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सोऱ्या घेऊन माझ्या दारात, "शिकव." आता त्या माझ्यापेक्षा बारीक तारेच्या कुरडया पाडतात. सांगू नका त्यांना मी असं म्हटलं म्हणून.

पण खरी परीक्षा परवा होती. विहीणबाई यायच्या होत्या! ओढणीचं काय सांगायचं? हे म्हणाले, सांगू नका, कपाटात ठेवा. मुलगा म्हणाला, मी तशीच दुसरी ऑनलाइन मागवतो. माझ्या पोटात गोळा. सासूबाई शांत. त्या आल्या, पाणी झालं, चहा झाला, बिस्किटं झाली, आणि विहीणबाईंनी विचारलंच, "कानबाईने चूंदडी गमी?"

मी तोंड उघडणार, तर आतून नाना बाहेर आले. पायापासून गळ्यापर्यंत गुलाबी. इस्त्री केलेले. वर पांढरी टोपी. हात जोडले आणि म्हणाले, "बेन, तुमची चुनरी मला गमी. देवीला मिळाली नाही."

अहो, काय शांतता! माझ्या होणाऱ्या सुनेने ओठ चावला. विहीणबाईंनी लेंग्याकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, आणि मग जे हसायला लागल्या... चहा बशीत. म्हणाल्या, पाटणचं पटोळं फाटतं पण फिटत नाही म्हणतात, आमची बांधणी फिटली आणि व्याहीबुवांना लागली! मग काय, त्यांनी पण आपलं सुरू केलं. लग्नानंतरच्या पहिल्या चांदणी पडव्याच्या सणाला त्यांनी घारीवर तुपाऐवजी एरंडेल ओतलं होतं म्हणे. चोवीस घाऱ्या! त्यांच्या सासूने काय केलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, सुनेसमोर सांगितलं त्यांनी, पण मी नाही सांगणार. बरं, वंडीवरून नाही सांगणार. उद्या घरी या.

जाताना विहीणबाईंनी पर्स उघडली आणि डब्यात पन्नास टाकले. त्यांना कोणी सांगितलं होतं डब्याचं? मी नाही. यांनी नाही. मला वाटतं बांनी. बा त्या दिवशी सकाळी रिक्षाने कुठे गेल्या होत्या, विचारा बरं.

आणि मला वाटलं, झालं आता, मिटलं. कसलं काय! नाना सकाळी त्याच कपड्यांत बागेत फिरायला गेले, तिथली ती म्हाताऱ्यांची टोळी तुम्हाला माहीत आहे. त्यातला तो निवृत्त मास्तर म्हणाला, "काका, जुवान लागो छो!" झालं. काल दिवसभर आरशासमोर. सासूबाई म्हणतात, "साठ वरीस आरसामा देखं नहीं, आते देखस." आणि आज सकाळी मला हळूच विचारत होते, ती ओढणी अजून आहे का घरात. मी म्हटलं, का हो नाना? तर म्हणे, तो हायड्रोवाला एक लेंगा राहिलाय ना... बाकीच्यांशी मॅच होत नाही.

अहो, गप्प, गप्प. आलेच ते. हसू नका हं, वर बघा, शेवग्याकडे बघा. "काय नाना? उकाई? किती झाली आज?"